रायटला पाच माणसं लागतात

‘रायट’ हा शब्द सरकारी कागदावर मी पहिल्यांदा लिहिला, तेव्हा मला आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी कुठे ना कुठे स्वतःला सावरून घेईन, निदान तसा मोह मला होईल, तेव्हा वाचणाऱ्याने हा आनंद लक्षात ठेवावा.

बेचाळीसच्या चळवळीनंतरचा तो दुसरा शिमगा. मी कर्जतच्या मामलेदार कचेरीत कारकून होतो. वय पंचवीस, नोकरी वर्षभराची आणि अजून कच्ची. मॅट्रिकला इंग्रजीत बरे मार्क पडले होते, तेवढ्यावर मला तर्जुम्याचं टेबल मिळालं होतं. गावोगावचे पोलीस पाटील आपापले रिपोर्ट मराठीत पाठवायचे, काही तर मोडीत. त्यातले महत्त्वाचे मी इंग्रजीत उतरवायचे, मामलेदारसाहेबांची सही घ्यायची आणि नगरला प्रांतसाहेबांकडे धाडायचे. प्रांत गोरा होता. तो पाटलाचा अस्सल कागद कधी पाहत नसे. तो वाचायचा ते माझं इंग्रजी. म्हणजे तालुक्यात काय घडलं आणि काय नाही, हे साहेबापुरतं मी ठरवत होतो. पंचविसाव्या वर्षी अशी गोष्ट डोक्यात जायला वेळ लागत नाही. माझ्या तर पहिल्याच महिन्यात गेली.

आणि तो शब्द! त्या दिवसांत तो जिकडेतिकडे होता. वर्तमानपत्रात होता, तारांत होता, वरून येणाऱ्या सर्क्युलरांत होता. आमचे फौजदार तर त्याला मराठी प्रत्यय लावून बोलायचे, “रायटीत सापडला”, “रायटवाल्यांना जामीन नाही”. मराठीत त्याला शब्द नव्हते असं नाही. पण मला ते सगळे पचपचीत वाटायचे. दंगा काय, पोरंसुद्धा वर्गात करतात. दंगल म्हटली की आमच्याकडे लोक कुस्त्या बघायला निघतात. गर्दी तर दर बाजारच्या दिवशी असतेच. बोंबाबोंब, धिंगाणा, पुंडाई, या सगळ्या शब्दांना घरगुती वास होता. रायटला तसा वास नव्हता. तो उच्चारला की टेबलामागची माणसं ताठ व्हायची. पिनल कोडाच्या पुस्तकात त्याचं कलम मी इतक्या वेळा वाचलं होतं की ते पान आपोआप उघडायचं. पाच किंवा जास्त माणसं हवीत, सगळ्यांचा हेतू एक हवा आणि बळाचा वापर झालेला हवा. मी वाट बघत होतो असं म्हटलं तरी चालेल. आमच्या कोरड्या, शांत तालुक्यात एकदा तरी तो शब्द वापरायची संधी यावी, अशी माझी इच्छा होती.

ती धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आली.

मिरजगावच्या अलीकडे एक गाव आहे. त्या गावात माझी धाकटी बहीण दिली होती. तिचे यजमान तिथल्या मराठी शाळेत मास्तर होते. तिथल्या पाटलाचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला. गावात लेव्हीची ज्वारी घेणं चालू होतं, लढाईपायी सरकारने सक्तीने बसवलेली. धान्य मोजायचा मोठा काटा चावडीपुढे टांगलेला असे. त्यासाठी बाभळीच्या तीन जाड ओंडक्यांचं तिकाटणं उभं केलं होतं. पौर्णिमेच्या दुपारी काटा काढून आत ठेवला होता आणि तिकाटणं तेवढं बाहेर उभं होतं. आता, शिमग्याच्या दिवशी बाहेर राहिलेलं लाकूड हे होळीचं, ही रीत आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असते. ज्याचं लाकूड त्याने मागे धावायचं, शिव्या घालायच्या, नेणाऱ्यांनी बोंब मारत पळायचं. आणि एकदा ते होळीवर पडलं की मालकानेही हात जोडून गप्प बसायचं. गावच्या पोरांनी ते तिकाटणं उचललं आणि होळीवर नेऊन टाकलं. लेव्ही वसुलीला आलेले सर्कल इन्स्पेक्टर मागे धावले, पडले, त्यांचा फेटा धुळीत गेला. दुसऱ्या दिवशी काटा टांगायला जागा नाही, म्हणून वसुली बंद.

पाटलाचं वाक्य मला आजही शब्दाला शब्द पाठ आहे. “शिमग्याच्या रिवाजाप्रमाणे गावच्या पोरांनी तिकाटणे होळीस नेले. बोंबाबोंब झाली. सर्कलसाहेब आडवे आले, त्यात त्यांचा फेटा पडला.” खाली चार नावं.

मी टाक शाईत बुडवला आणि पहिल्याच शब्दांपाशी अडलो. ‘शिमग्याच्या रिवाजाप्रमाणे.’ याला इंग्रजी काय? डिक्शनरी उघडली. रिवाजाला शब्द होता, पण शिमग्याला नव्हता, आणि बोंबेला तर मुळीच नव्हता. लिहावं तर अर्धं पान समजावत बसावं लागणार होतं, आणि आपलं इंग्रजी तेवढ्या पाण्यात टिकेल की नाही याची मला खात्री नव्हती. व्याकरण चुकलं तर साहेब हसेल. मग मी ते शब्द गाळले. मनात म्हटलं, मुद्दा तो नाहीच. मुद्दा सरकारी काम बंद पडलं हा आहे. आणि बोंबाबोंब झाली याच्या जागी लिहिलं की गावात रायट झाला. सर्कलसाहेब आडवे आले याचं, रायटवाल्यांनी त्यांना पाडलं, असं झालं. किती सुरेख वाक्य जमलं! मी ते दोनदा हलक्या आवाजात वाचून पाहिलं. मामलेदारसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “वा, बरीच प्रगती आहे तुमची,” असं म्हणून सही केली.

नगरहून हुकूम यायला पाच दिवस लागले. रायटची केस करा. फौजदार तो कागद घेऊन थेट माझ्या टेबलाशी आले. मोठा, हसरा माणूस. मला कायद्याचं पुस्तक तोंडपाठ आहे याचं त्यांना फार कौतुक.

“काय हो पंडित, पाटलाने नावं चारच दिलीत. रायटला किती लागतात?”

“पाच,” मी पुस्तक न उघडता सांगितलं.

“चार असले तर?”

“चारांचा रायट होत नाही.”

“होत नाही म्हणजे? साहेबाने रायट लिहिलंय. आता चार नेऊन उभे केले तर साहेब मलाच विचारेल, पाचवा कुठाय म्हणून.” त्यांनी टोपी डोक्यावर बसवली. “आणतो. एवढं गाव पडलंय, एक माणूस मिळणार नाही?”

मी हसलो. खरंच हसलो. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज फौजदार कायदा विचारायला माझ्याकडे आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीच्या आवारात बैलगाडी शिरली. चार पोरं उतरली, हात बांधलेले, शिमग्याचा रंग अजून कानामागे. त्यांच्यामागून पाचवा माणूस उतरला. काळी टोपी, उपरणं, हातात छत्री. फौजदाराने त्याला बांधलेलं नव्हतं, मास्तर म्हणून. ते आमचे मास्तर होते. गावची होळी पेटवायच्या आधी नारळ वाढवायचा मान त्यांचा, आणि म्हणून ते ‘हजर’ होते.

मला बघून ते ओशाळं हसले. “दादा, तुम्ही इथे आहात ते बरं झालं. काहीतरी घोटाळा झालाय. कोणीतरी वर काहीतरी भलतंच कळवलंय.”

मी मान हलवली. फौजदाराने पाचही जणांना आवारातल्याच कोठडीत घातलं. जामिनाचा अर्ज गेला. पण वर रायट हा शब्द लिहिलेल्या कागदाला हात लावायला कुणीच तयार नव्हतं. शाळाखात्याने मास्तरांना कामावरून दूर केलं, निकाल लागेपर्यंत.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी दप्तरखान्यात शिरलो. जुने कागद लाल फडक्याच्या रुमालात बांधून ठेवतात. त्यातून पाटलाचा अस्सल कागद काढला. वाचला. ‘शिमग्याच्या रिवाजाप्रमाणे.’ दोनच शब्दांचा फरक, पण माझ्या तर्जुम्याशेजारी धरल्यावर ते दोन वेगवेगळ्या गावांचे रिपोर्ट वाटत होते. हा कागद कोणी पाहिला तर मी खोटा तर्जुमा केला हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. नोकरी कच्ची. पुढच्या महिन्यात कायम होण्याचा कागद जायचा होता. मी त्या कागदाची घडी घातली, मग घडीवर घडी, आठ पदर होईपर्यंत, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

तो तिथे अकरा दिवस होता.

बहीण दुसऱ्याच दिवशी लेकीला कडेवर घेऊन आमच्या घरी राहायला आली. रडेल असं वाटलं होतं, पण ती रडणाऱ्यांतली नव्हती. सकाळी माझ्या बायकोबरोबर चुलीशी बसायची, मास्तरांचा डबा भरायची आणि स्वतः कोठडीच्या दाराशी नेऊन द्यायची. संध्याकाळी मी घरी आलो की प्रश्न.

“दादा, रायट म्हणजे काय रे नेमकं?”

मी जेवता जेवता सांगितलं. पाच माणसं, एक हेतू, बळाचा वापर.

“एवढंच?” तिने भाकरी तव्यावर उलटली. “मग तुझ्या वरातीत झाला की रायट. पाच सोड, पन्नास माणसं होती. सगळ्यांचा हेतू एकच, आधी जेवायचं. आणि आपल्या मामांचा फेटा पडून त्यावर बैलाने पाय दिला होता.”

माझी बायको पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आलं.

“हसतोस काय? तुला येतं ना ते इंग्रजी? जा, सांग त्या साहेबाला, म्हणावं माझ्या बहिणीचा नवरा कोंबडीला हुश म्हणायचं झालं तरी आधी मागे-पुढे बघतो.” मग आवाज उतरला. “मला त्यांची काळजी नाही रे. बसतील तिथे. पण त्यांची पोरं.”

पोरं म्हणजे शाळेतली. त्या शाळेतून पहिल्यांदाच पाच मुलं व्हर्नाक्युलर फायनलला बसणार होती. ही परीक्षा पास झालेला पोरगा तलाठी होई, मास्तर होई. नांगर धरणाऱ्या घरात पहिला पगार येई. मास्तरांनी दोन वर्षं त्या पाच जणांना सकाळ-संध्याकाळ घरी बसवून शिकवलं होतं. परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला नगरला. आता शाळेत कोणी नव्हतं. मास्तर कोठडीत बसून कागदावर गणितं मांडायचे, बहीण ती डब्याच्या रिकाम्या फडक्यात बांधून आणायची, आणि बाजाराला आलेल्या कुणा गाववाल्याबरोबर गावाकडे धाडायची. उत्तरं त्याच वाटेने परत. गणितं सुटत होती. भूमिती कागदावरून समजत नव्हती.

एक दिवस त्यांनी मला कोठडीच्या गजांपाशी बोलावून घेतलं. “दादा, एक रविवार जाऊन याल का गावी? त्रिकोणाचे सिद्धांत तेवढे सांगून या पोरांना. तुमचा हात चांगला आहे.”

“बघतो,” मी म्हणालो. गेलो नाही. त्या पोरांसमोर उभं राहायचं माझ्याने झालं नाही. बहिणीला सांगितलं, कचेरीत काम फार आहे.

अकराव्या दिवशी प्रांतसाहेब स्वतः आला. कचेरीच्या मोठ्या खोलीत टेबल मांडलं. एका बाजूला आमचे मामलेदार, एका बाजूला सर्कलसाहेब, नवा कोरा फेटा बांधून. समोर पाच आरोपी आणि गावचा पाटील. दारात, खिडक्यांत, आवारातल्या लिंबाखाली ही गर्दी! गाव लोटलं होतं. बहीण बायकांत पहिल्या रांगेत उभी होती, लेक कडेवर. मी कागद हातात द्यायला टेबलाच्या कडेशी.

साहेब तरुण होता. मराठीची परीक्षा पास झालेला, पण पुस्तकातून. त्याने माझा तर्जुमा हातात धरला, वाचला, आणि मामलेदारांकडे वळून इंग्रजीत विचारलं, हे भाषांतर कोणी केलं? मामलेदारसाहेबांनी अभिमानाने माझ्याकडे बोट केलं. साहेब माझ्याकडे बघून हसला.

“उत्तम. फार स्वच्छ इंग्रजी आहे,” तो म्हणाला, आणि पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत. “अशा कारकुनांमुळे सरकारला खरे वर्तमान कळते.”

मी मास्तरांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं! आमच्या घरच्या माणसाची साहेबाने तारीफ केली याचं. अकरा दिवसांची दाढी वाढलेला तो माणूस माझ्यासाठी खूश झाला होता.

काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. माझा आवाज खोलीभर गेला.

“साहेब, तर्जुमा चुकलाय.”

मामलेदारसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. साहेबाने भुवया वर केल्या. मी खिशातून कागद काढला, घड्या उलगडल्या आणि टेबलावर सपाट केला.

“हा अस्सल रिपोर्ट. यात रायट नाही. यात शिमगा आहे.”

“हा कागद कोठे होता?” साहेबाने विचारलं.

“रुमालात, साहेब. आज सकाळी सापडला.”

हे मी म्हटलं. ते खोटं होतं. खरं बोलायला उभा राहिलो होतो आणि दुसऱ्याच वाक्यात खोटं बोललो. पण त्या क्षणी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण साहेबाने पाटलाला पुढे बोलावलं होतं.

“पाटील, रिवाज काय आहे, ते तुम्ही मला समजावून सांगा.”

पाटील साठीचा, उंच, मिशा पांढऱ्या. त्याने हात जोडले. “साहेब, शिमग्याला भायेर ऱ्हायलेलं लाकूड व्हळीचं. त्यात चोरी न्हाई. मालकानं मागं पळायचं, शिव्या द्यायच्या. मालक पळाला न्हाई तर पोरांना वाईट वाटतं.”

“आणि सर्कलसाहेब पळाले?”

“लई पळाले, साहेब! गाव खूश झालं. आमाला वाटलं, साहेबांना बी रिवाज ठावा हाय.”

खिडकीतून हशा आला. फौजदारांनी हात वर केला, पण ते स्वतःच गालात हसत होते.

“लाकूड जड होते. चार मुलांनी कसे नेले?”

पाटील घुटमळला. मिशीवरून हात फिरवला. “चौघांनी न्हाई नेलं, साहेब. माझं बी वय झालंया, पर… मागलं टोक म्या धरलं हुतं.”

आता तर लिंबाखालची माणसंही हसायला लागली. साहेबाने टेबलावर पेन्सिल वाजवली आणि सर्कलसाहेबांकडे वळला.

“तुम्हांस कोणी ढकलले काय? कोणी मारले?”

सर्कलसाहेबांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी हो म्हटलं असतं तर सगळं संपलं होतं. पाच माणसं होतीच, बळाचा वापर तेवढा हवा होता. बहिणीने लेकीला छातीशी आवळून धरलेलं मला दिसलं. सर्कलसाहेबांनी एकदा पाटलाकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे.

“ढकललं नाही, साहेब. काट्याच्या दोरीत पाय अडकला माझा.”

“तुमच्या गावी होळी करतात काय?”

“करतात.”

“तुम्ही लाकूड चोरले होते काय?”

सर्कलसाहेबांनी फेटा सारखा केला. “एकदा. तेव्हाच्या मामलेदारांच्या छकड्याचं जू.”

आमचे मामलेदारसाहेब खो खो हसले. आवारात कुणीतरी न राहवून पालथा हात तोंडावर ठेवून एक अस्सल बोंब ठोकली. फौजदार धावले. साहेबाने मात्र विचारलं, हीच ती बोंब काय, आणि त्याला होय म्हणून सांगितल्यावर त्याने गंभीरपणे मान डोलावली.

मग त्याने माझा तर्जुमा ओढून घेतला, तांबडी पेन्सिल उचलली आणि रायट या शब्दावर जाड रेघ मारली. “बळ नाही, तर रायट नाही,” तो म्हणाला. “आता येथे कोणता शब्द लिहू? तुम्ही सांगा.”

मी पुष्कळ शोधला. डोक्यात डिक्शनरीची पानं फडफडत होती. शेवटी म्हणालो, “शिमगाच लिहा, साहेब.”

त्याने इंग्रजी अक्षरांत शिमगा लिहिलं. खाली लिहिलं की गावाने आठ दिवसांत नवं तिकाटणं उभं करून द्यावं, आरोपी मोकळे.

“सात दिसांत देतो,” पाटील म्हणाला. “पर साहेब, फुडल्या शिमग्याला तेवढं भायेर ठेवू नगा.”

त्या दिवशी त्या गावाने मला डोक्यावर घेतलं. मास्तरांनी मला मिठी मारली. बहीण म्हणाली, “माझ्या दादाने सोडवलं,” आणि तेव्हा पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाटलाने स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवून माझ्या डोक्यावर बांधला. मी तो बांधून घेतला. सगळ्या गावासमोर मान खाली घालून उभा राहिलो, आणि लोक म्हणाले, किती विनयी माणूस आहे.

माझी नोकरी कायम झाली. मामलेदारसाहेब महिनाभर माझ्याशी तुटक वागले, मग विसरले. परीक्षेला चार दिवस उरले असताना मास्तर शाळेत पोचले. रात्रीचा दिवस केला त्यांनी. पाचांपैकी एक पास झाला. चारजण भूमितीत गेले. त्यांतल्या दोघांना घरच्यांनी पुन्हा बसू दिलं नाही. ते नांगराला लागले ते लागलेच. वर्षभरात मास्तरांची बदली जामखेडच्या पुढे झाली.

पुढे मी नगरला आलो, घर केलं. मास्तर आणि बहीण सणासुदीला येत. मास्तर तसेच, हसरे, माझ्या मुलांची गणितं तपासणारे. एक होतं. ते आमच्याकडे जेवत नसत. कधी उपास, कधी पित्त, कधी वाटेत खाऊन आलो. पाणी घ्यायचे, फार तर सुपारी. माझी बायको म्हणायची, यांचं पोट फार नाजूक आहे. मीही तेच म्हणायचो.

गेल्या होळीला ते दोघं आले. ओसरीवर आम्ही दोघेच बसलो होतो. आतून पुरणाचा वास येत होता. गल्लीतल्या पोरांनी शेजारच्यांची मोडकी खाट पळवली आणि शेजारी त्यांच्यामागे ओरडत धावले. मास्तर टाळ्या वाजवून हसले. मग बायकोने आतून पान वाढू का म्हणून विचारलं, तेव्हा ते सवयीने म्हणाले, “माझं राहू द्या वहिनी, पोट जड आहे.”

आणि मी बोललो. वीस वर्षं जे सांगितलं नाही ते एका दमात सांगितलं. दोन शब्द गाळले ते, रायट लिहिलं ते, पाच लागतात हे मीच सांगितलं ते, आणि खिशातले अकरा दिवस.

मास्तरांनी सुपारीचं तबक बाजूला सारलं.

“शब्दाचं मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “आणि पाचव्याचंही नव्हतं. खिशाचं माहीत होतं.”

“कसं?”

“कागदाला आठ पदरी घडी पडलेली होती, दादा. रुमालातला कागद सपाट असतो. एवढं शाळामास्तरला कळतं. माझं सोडा. मी अकराच्या जागी बावीस दिवस बसलो असतो. पण पहिल्या दिवशी तुम्ही बोलला असता तर ती चार पोरं पास झाली असती. तुमच्या घरचा घास हातात घेतला की मला तीच दिसायची.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“मी काय बोलायचं? बोलायचं तुमचं होतं.” त्यांनी उपरणं सावरलं. “वेळ फार लावलात.”

गल्लीच्या टोकाला पोरांनी खाट होळीवर चढवली होती आणि शेजारी आता हात जोडून उभे होते. मास्तरांनी तिकडे एकदा पाहिलं, मग ते उठले, हात-पाय धुतले आणि आत जाऊन पाटावर बसले.

“वहिनी, वाढा. कटाची आमटी आहे ना?”

माझी बायको तव्यापाशीच थबकली. बहीण तुपाची वाटी घेऊन दारात उभी राहिली. “अगंबाई! पोट जड होतं ना?”

“होतं,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी पोळी मोडली.

त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या. मी समोर बसलो होतो, माझ्याच्याने एकही संपली नाही. बहीण एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत वाढत राहिली. तिला मी अजून सांगितलेलं नाही. त्या अकरा दिवसांत कोठडीच्या दाराशी तिने जे डबे नेले, ते भरताना मी तिच्या शेजारी, तो कोट अंगात घालून बसलेला असायचो. हे छापून आलं की पहिली प्रत तिला देणार आहे, आणि ती वाचत असताना समोर बसणार आहे.